नव्या झाडाची ओळख आणि लॅटिनची अट

पिंपळाचे शास्त्रीय नाव 'फायकस रिलिजिओसा' असे फळ्यावर लिहिले, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. झाड आपले, मग नाव लॅटिनमध्ये कशाला? त्यावर आपण बहुधा एका वाक्यात उत्तर देतो : जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांना एकच नाव कळावे म्हणून. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. वनस्पतिशास्त्रात केवळ नाव लॅटिन असून भागत नसे. १ जानेवारी १९३५ पासून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत, म्हणजे तब्बल ७७ वर्षे, असा नियम होता की नव्याने सापडलेल्या वनस्पतीचे वर्णन, निदान तिचे वेगळेपण सांगणाऱ्या चार ओळी तरी, लॅटिनमध्ये छापल्याच पाहिजेत. तसे केले नाही तर ते नाव विधिवत् प्रसिद्ध झाले असे मानले जात नसे.

म्हणजे एखाद्या संशोधकाने सह्याद्रीच्या कड्यावर नवी वनस्पती शोधली, तिची चित्रे काढली, इंग्रजीत दहा पाने वर्णन लिहिले, पण लॅटिनच्या चार ओळी राहून गेल्या, तर त्याने दिलेले नाव नियमाप्रमाणे अस्तित्वातच येत नसे. पुढे दुसऱ्या कोणी त्या चार ओळी छापल्या, तर नावाची तारीख तेव्हापासून धरली जाई. इंग्रजीतून लॅटिनमध्ये भाषांतर करणे ही त्यामुळे हौसेची गोष्ट नव्हती, ते शास्त्रीय कामाचेच एक अंग होते. हा नियम का आला, त्याने काय साधले आणि तो का गेला, हे आपण या लेखात पाहणार आहोत. मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्यांना या इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे, असे आम्हांला वाटते.

नाव हेच वर्णन

सतराव्या शतकापर्यंत युरोपातील विद्वानांची भाषा लॅटिन होती. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ १६२८ मध्ये लॅटिनमध्येच लिहिला. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' (१६८७) लॅटिनमध्येच आहे. जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने वनस्पतींवरचा आपला तीन खंडांचा ग्रंथही लॅटिनमध्ये लिहिला.

भारतातील वनस्पतींची माहितीसुद्धा याच वाटेने युरोपात गेली. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन या मलबारच्या वैद्याने सांगितलेली माहिती मल्याळममधून पोर्तुगीज, मग डच अशा भाषांतून जात शेवटी लॅटिनमध्ये उतरली. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांचेही या कामाला साहाय्य होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे लिनीअसने भारतीय वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा मोठा आधार घेतला.

कार्ल लिनीअस (१७०७–१७७८) हा स्वीडनचा. त्याच्या 'स्पीशीज प्लान्टारम' (१७५३) या ग्रंथापासून वनस्पतींच्या आजच्या नावांची सुरुवात धरली जाते. या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पती आहेत. आपण ज्याला द्विनाम म्हणतो त्यातले दुसरे नाव लिनीअसने समासात, केवळ सोयीसाठी, लिहिले होते. त्याच्या दृष्टीने वनस्पतीचे खरे नाव म्हणजे तिचे वेगळेपण सांगणारे लॅटिन शब्दांचे छोटे वाक्य. ते बारा शब्दांपेक्षा लांब असू नये, असा त्याचा दंडक होता. सोयीचे नाव लोकांना आवडले आणि तेच टिकले. पण नाव आणि लॅटिन वर्णन यांची गाठ पडली, ती मात्र तेव्हापासूनच.

देशी भाषा पुढे आल्या

हळूहळू युरोपातील शास्त्रज्ञ आपापल्या भाषेत लिहू लागले. न्यूटनने प्रकाशावरचा 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ १७०४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. परंतु इंग्लंडबाहेर इंग्रजी वाचणारे तेव्हा थोडे होते, म्हणून दोनच वर्षांनी, १७०६ मध्ये, सॅम्युअल क्लार्कने केलेले त्याचे लॅटिन भाषांतर निघाले. आज इंग्रजी न येणाऱ्याची जी अडचण होते, ती त्या काळी इंग्रजीत लिहिणाऱ्याची होत होती!

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. जॉर्ज बेंथॅम आणि जोसेफ हूकर यांनी जगातील सर्व सपुष्प वनस्पतींच्या प्रजातींवरचा ग्रंथ (१८६२–१८८३) लॅटिनमध्ये लिहिला, कारण तो साऱ्या जगासाठी होता. पण त्याच बेंथॅमने ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींवरचे सात खंड इंग्रजीत लिहिले आणि हूकरने ब्रिटिश भारतातील वनस्पतींचे सात खंडही (१८७२–१८९७) इंग्रजीतच काढले. आपल्याकडे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, तोही इंग्रजीत. जर्मन जर्मनमध्ये लिहीत होते, फ्रेंच फ्रेंचमध्ये, रशियन रशियनमध्ये. नव्या वनस्पतीचे वर्णन कोणत्या भाषेत सापडेल याचा नेम राहिला नाही.

आता नाव द्यायचे तर ती वनस्पती आधी कोणी वर्णिलेली नाही याची खात्री करावी लागते, आणि त्यासाठी सर्वांची वर्णने वाचता आली पाहिजेत. ही अडचण सोडवण्यासाठी १९०५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ठरवले, की १ जानेवारी १९०८ पासून नव्या वनस्पतीबरोबर लॅटिन वर्णन सक्तीचे राहील. अमेरिकेतील अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. त्यांनी १९०७ मध्ये आपली वेगळी नियमावलीच काढली. जवळजवळ पाव शतक दोन नियम शेजारी शेजारी नांदले. शेवटी १९३० च्या केंब्रिज परिषदेत तडजोड झाली. लॅटिनची अट राहिली, पण ती लागू होण्याची तारीख पुढे सरकली आणि अखेर १ जानेवारी १९३५ ही पक्की झाली. त्याआधी इतर भाषांत छापलेली वर्णने ग्राह्य धरण्यात आली. शैवालांना हीच अट १९५८ पासून लागू झाली. प्राणिशास्त्रात मात्र वर्णनाला अशी सक्ती कधीच नव्हती.

भाषांतर करताना काय होते?

इंग्रजी वाक्य लॅटिनमध्ये नेताना नेमके काय करावे लागते, हे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळते. इंग्रजीत 'पांढरा' या अर्थाचा शब्द फुलाला, पाकळीला, देठाला सगळ्यांना एकच. मराठीत मात्र देठ पांढरा, पाकळी पांढरी आणि फूल पांढरे. लॅटिनमध्येही तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलते : पुल्लिंगी आल्बुस, स्त्रीलिंगी आल्बा, नपुंसकलिंगी आल्बुम. फूल (फ्लोस) लॅटिनमध्ये पुल्लिंगी, दलपुंज (कोरोला) स्त्रीलिंगी आणि पान (फोलिउम) नपुंसकलिंगी. इंग्रज संशोधकाला प्रत्येक विशेषणापाशी थांबून 'हे कोणाचे विशेषण?' असे विचारावे लागे.

हा नुसता व्याकरणाचा छळ नव्हता. 'पिवळी पाने आणि देठ' असे इंग्रजीत लिहिले, तर देठही पिवळा की फक्त पाने पिवळी, हे कळत नाही, कारण विशेषण काहीच सांगत नाही. मराठीत 'पिवळी' म्हटले की ते पानांचे आहे हे उघड होते. देठाचा रंग सांगायचा तर वेगळे 'पिवळा' म्हणावे लागते. लॅटिनमध्येही 'फोलिआ फ्लावा' म्हटले की पिवळेपणा पानांचा. देठाला (पेटिओलुस) पिवळे म्हणायचे तर 'फ्लावुस' असे स्वतंत्र लिहायला हवे. म्हणजे भाषांतर करताना संशोधकाला आपल्याच वाक्यातली संदिग्धता दिसे. मग नमुन्याकडे परत जाऊन, देठ खरोखर कसा आहे, हे पाहणे भाग पडे.

विभक्तीचेही तसेच. 'पांढऱ्या फुलांचे झुडूप' या अर्थाने इंग्रजी माणूस मध्ये एक वेगळा शब्द घालतो. लॅटिनमध्ये 'फ्रुटेक्स फ्लोरिबुस आल्बिस' म्हटले की झाले. 'फुलांनिशी' हा अर्थ प्रत्ययातच आला, जसा तो मराठीत येतो. वेगळेपण सांगणाऱ्या संक्षिप्त ओळी बहुधा अशा प्रत्ययान्त रूपात लिहीत, आणि सविस्तर वर्णन प्रथमा विभक्तीत, क्रियापदे गाळून. ते वाक्य म्हणजे जणू एक यादीच : पाने अंडाकृती, गुळगुळीत, फुले पांढरी.

आणखी एक गंमत वर्गात सांगण्याजोगी आहे. 'उस' किंवा 'अस' असा शेवट असलेली लॅटिन नामे बहुधा पुल्लिंगी असतात, पण झाडांची नावे मात्र परंपरेने स्त्रीलिंगी. म्हणून फायकस हा शब्द पुल्लिंगी दिसला तरी नाव 'रिलिजिओसा' असे स्त्रीलिंगी होते. चिंचेचे 'टॅमॅरिंडस इंडिका' हेही तसेच. त्यातला टॅमॅरिंडस हा शब्द तर मूळचा अरबी आहे आणि त्याचा अर्थ 'हिंदचा खजूर'. मराठीत पिंपळ पुल्लिंगी आणि चिंच स्त्रीलिंगी. लॅटिनमध्ये दोघीही स्त्रिया!

शब्द जुने, अर्थ ठरवलेले

खरी परीक्षा व्याकरणाची नसे, शब्दाची असे. इंग्रजीत (आणि मराठीतही) आपण पान 'केसाळ' आहे म्हणून मोकळे होतो. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये त्यासाठी निदान पाच शब्द आहेत. आखूड, मऊ लव असेल तर 'पुबेसेन्स'. सुटे, लांबट, मऊ केस असतील तर 'पिलोसुस'. लांब आणि राठ असतील तर 'हिर्सुटुस'. लांब, मऊ आणि किंचित नागमोडी असतील तर 'विल्लोसुस'. एकमेकांत गुंतून नमद्यासारखा थर झाला असेल तर 'टोमेंटोसुस'. केस मुळीच नसतील तर 'ग्लाबेर'. भाषांतर करणाऱ्याला यातला एक निवडावा लागे, आणि निवडण्यासाठी भिंग घेऊन पुन्हा पानाकडे पाहावे लागे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही नेमकी अर्थच्छटा प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये नव्हती. त्यांच्या बोलीत 'टोमेंटुम' म्हणजे उशी-गादीत भरायची लोकर आणि केस. 'स्टामेन' म्हणजे मागावरचा ताण्याचा धागा. 'पोलेन' म्हणजे बारीक पीठ. 'कोरोला' म्हणजे डोक्यावर घालायचा छोटा गजरा. हे शब्द घर, माग आणि जाते यांच्या जवळचे होते. लिनीअस, त्याच्या आधीचे आणि त्याच्यानंतरचे वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी हे शब्द उचलले आणि प्रत्येकाला एकच अर्थ चिकटवला. जेथे शब्द नव्हता तेथे तो बनवला. पाकळीसाठीचा 'पेटालुम' हा शब्द इटलीच्या फाबिओ कोलोना याने ग्रीकवरून घेऊन रूढ केला. निदलासाठीचा 'सेपालुम' तर नेकर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९० मध्ये चक्क घडवला.

म्हणजे वनस्पतिशास्त्राची लॅटिन ही सिसरोची लॅटिन नव्हे. प्राचीन रोमनाला ती वाचून दाखवली असती, तर फुलाच्या आत ताण्याचे धागे आणि पीठ कशाला, असा प्रश्न त्याला पडला असता. तिचे बळ प्राचीनतेत नव्हते, ते ठरवून दिलेल्या व्याख्यांमध्ये होते. आणि ती कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे रोजच्या बोलण्यात तिचे अर्थ सरकत नव्हते, हा आणखी एक फायदा.

याची किंमत कोणी मोजली?

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल की लॅटिनची अट सर्वस्वी चांगलीच होती. तसे नव्हते. विसाव्या शतकात युरोपातील शाळांमधूनही लॅटिन मागे पडत गेली. भारत, चीन, ब्राझील येथील संशोधकांना तर ती शिकवणारेच दुर्मिळ. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काम केलेले एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस आणि हर्मेनेगिल्ड संतापाव हे स्पॅनिश. दोघेही जेझुइट धर्मगुरू, त्यामुळे लॅटिन त्यांच्या शिक्षणाचाच भाग होती. पण जिल्ह्याच्या गावातून आलेल्या आणि शाळेत फार तर संस्कृत शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने काय करावे? या काळात महाराष्ट्रातून 'सेरोपेजिया सह्याद्रिका' किंवा प्रा. महाबळे यांच्या स्मरणार्थ नव्हे तर गौरवार्थ दिलेले 'सेरोपेजिया महाबळेई' अशी नावे जगापुढे आली. सह्याद्री आणि महाबळे या शब्दांनाही लॅटिन प्रत्यय लागले, आणि त्यांच्याबरोबर वर्णनही लॅटिन द्यावे लागले. बरेच संशोधक आधीच्या वर्णनांचे साचे समोर ठेवून त्यात आपले शब्द बसवीत. काही मोठ्या वनस्पतिसंग्रहालयांत इतरांना लॅटिन करून देणारे जाणकार असत. पुष्कळदा लॅटिनच्या दोन-चार ओळी छापून बाकीचे सगळे इंग्रजीत लिहिले जाई.

या अडलेल्यांना ज्याने सर्वांत मोठा आधार दिला, तो माणूस कोण होता हे पाहण्यासारखे आहे. विल्यम स्टर्न (१९११–२००१) हा केंब्रिजमधल्या एका कोचमनचा मुलगा. वडील लहानपणीच वारले. परिस्थितीमुळे विद्यापीठात जाता आले नाही, म्हणून तो पुस्तकांच्या दुकानात उमेदवारीला लागला. फावल्या वेळात तो वनस्पतिशास्त्र शिकत राहिला. १९३३ मध्ये लंडनच्या लिंडली ग्रंथालयात तो ग्रंथपाल झाला, आणि पुढे तेथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात वनस्पतिशास्त्रज्ञ. १९६६ मध्ये त्याने वनस्पतिशास्त्रीय लॅटिनवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात व्याकरण होते, इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द होते, रंगांची, आकारांची, मोजमापांची परिभाषा होती आणि नमुन्याची वर्णने होती. ज्याने कधी लॅटिनचा तास पाहिला नाही, अशा माणसालाही ते हाताशी धरून नव्या वनस्पतीचे वर्णन लिहिता येई. १९९२ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाने विद्वानांच्या भाषेची किल्ली सर्वांच्या हाती दिली.

अट सुटली, प्रश्न उरला

जुलै २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद भरली. तेथे ठरले की १ जानेवारी २०१२ पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजी, यांपैकी कोणत्याही भाषेत चालेल. जीवाश्म वनस्पतींना ही सवलत १९९६ पासूनच होती. जंगले झपाट्याने तुटत असताना, वनस्पती नष्ट होण्याच्या आत तिची नोंद व्हावी आणि भाषेपायी वेळ जाऊ नये, हा युक्तिवाद बिनतोड होता. नावे मात्र आजही लॅटिन रूपातच द्यावी लागतात.

पण या बदलाची दुसरी बाजूही पाहावी. लॅटिन सर्वांनाच परकी होती. इंग्रज आणि मराठी माणूस दोघेही तिच्यापुढे सारखेच अडखळत. त्यातही लिंग-विभक्तीची सवय असलेल्याला थोडी सोयच होती. इंग्रजी मात्र कोणाची तरी मातृभाषा आहे. म्हणजे ओझे नाहीसे झाले नाही. काहींच्या डोक्यावरून ते पूर्ण उतरले आणि इतरांच्या डोक्यावर वेगळ्या रूपात राहिले. सर्वांसाठी एक भाषा हवी असेल, तर ती शिकण्याचे श्रम कोणीतरी करणारच. ते कोणी करायचे, हा प्रश्न १७०६ मध्ये क्लार्कपुढे होता, १९०५ मध्ये व्हिएन्नात होता आणि आजही आहे.

आपल्या वर्गासाठी

मराठी परिभाषेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : दलपुंज, पुंकेसर हे शब्द कृत्रिम आहेत, मराठीत इंग्रजीइतका नेमकेपणा नाही. वरचा इतिहास पाहिला तर या आक्षेपात फारसे तथ्य उरत नाही. 'केसर' म्हणजे मूळचा तंतू आणि 'स्टामेन' म्हणजे ताण्याचा धागा. दोन्हीकडे वाट एकच आहे. नेमकेपणा कोणत्याच भाषेच्या रक्तात नसतो. माणसे एका शब्दाला एकच अर्थ ठरवून देतात आणि तो पाळतात, तेव्हा नेमकेपणा येतो. लॅटिनला तो यायला शेकडो माणसांचे दीडदोनशे वर्षांचे काम लागले.

हे मुलांना अनुभवता येईल असा एक सोपा खेळ आहे. वर्गाचे दोन गट करावेत. शाळेच्या आवारातली, एकमेकांसारखी दिसणारी सहा-सात पाने गोळा करावीत. पहिल्या गटाने त्यांतील एकाचे वर्णन मराठीत, बारा शब्दांच्या आत लिहावे. झाडाचे नाव अर्थातच लिहायचे नाही. दुसऱ्या गटाने ते वाचून पान ओळखावे. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा घोटाळा होतो. 'लांबट' म्हणजे किती? 'केसाळ' म्हणजे वरून की खालून? 'खरखरीत' कशाला म्हणायचे? मग दोन्ही गटांनी मिळून अर्थ ठरवावेत, ते फळ्यावर लिहावेत आणि खेळ पुन्हा खेळावा. दुसऱ्या खेपेला पाने सापडू लागतात. शब्द तेच असतात, फक्त आता त्यांचे अर्थ सर्वांनी मिळून ठरवलेले असतात.